'पुरे' कोणी म्हणायचे?

आमच्या लहानपणी खेळ कधी संपवायचा हे आम्ही ठरवत नव्हतो. ते चर्चची घंटा ठरवत असे. शाळेतून आलो की दप्तर ओटीवर टाकायचे आणि वाडीमागच्या मोकळ्या जागेत धावायचे. विटीदांडू, लगोरी, गोट्या, नाहीतर आट्यापाट्या. डाव कितीही रंगात आलेला असो, राज्य कोणावरही असो, संध्याकाळी सातची घंटा झाली की हातातला दांडू खाली येई. जागच्या जागी उभे राहून देवदूताची प्रार्थना म्हणायची आणि घराकडे वळायचे. घरी रोझरी, मग जेवण, मग अंथरूण. कधी कधी रागही येई. "अजून एकच डाव!" असे आम्ही कुरकुरत असू. पण घंटेशी वाद घालता येत नाही. उरलेला डाव उद्यावर जाई, आणि अंथरुणात पडल्या पडल्या उद्याच्या डावाचे बेत करण्यातही एक मजा असे.

हे सगळे मला आठवले ते बँकेच्या पासबुकामुळे.

आमच्या विहिरीवरची मोटार जळाली होती. नवीन मोटारीसाठी माझी पत्नी दोन वर्षे पैसे बाजूला ठेवत होती. वाडीतली अळूची पाने, केळीची पाने, थोडी फुले विकून आलेले पैसे. दहा-वीस, पन्नास असे जमवत तिने खात्यात बऱ्यापैकी रक्कम साठवली होती. दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी पासबुक भरून आणले, तेव्हा त्यात नऊ हजार चारशे रुपये कमी निघाले. एकदम कोणी काढले नव्हते. कधी एकोणऐंशी, कधी एकशे एकोणसाठ, कधी दोनशे नव्व्याण्णव. साठ-सत्तर वेळा. बँकेचे संदेश फोनवर येत होते, पण ते वाचतो कोण?

चोर घरातलाच होता. आमचा नातू, वय वर्षे तेरा. आजीला फोनवरून पैसे देण्याची पद्धत त्यानेच शिकवली होती, पिनही त्यानेच तिच्याकडून पाठ करून घेतला होता. ते पैसे फोनवरच्या एका खेळात गेले होते. खेळ फुकट होता. फुकट खेळात नऊ हजार कसे गेले, हे समजायला मला दोन दिवस लागले.

त्या खेळात बंद डबे मिळतात. डब्यात काय आहे ते आधी कळत नाही. कधी आपल्या शिपायाला साधी टोपी निघते, कधी काहीच कामाचे निघत नाही, आणि क्वचित एखादा दुर्मीळ पोशाख निघतो, ज्याचा सगळ्या मित्रांना हेवा वाटावा. डबा रुपयांत विकत मिळत नाही. आधी रुपये देऊन 'हिरे' घ्यायचे आणि मग हिऱ्यांनी डबा. हातात हिरे आले की रुपये किती गेले याचा हिशेब मनातून पुसला जातो.

मी रागावलो, हे सांगायला नको. पण त्याच्या एका वाक्याने माझा राग मध्येच थांबला. मान खाली घालून तो म्हणाला, "आजोबा, मी थांबणारच होतो. फक्त एक डबा राहिला होता."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. पन्नासएक वर्षांपूर्वी, माझ्या काकांच्या तोंडून. काका मुंबईला गिरणीत कामाला जात. स्वभावाने गरीब, दारूला न शिवणारे, आम्हा पोरांना येताना खाऊ आणणारे. पण त्या काळी मुंबईत मटका जोरात होता आणि काकांना आकड्याचा नाद लागला. पगार गेला, काकूच्या बांगड्या गेल्या. घरातल्या मोठ्यांनी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले होते, "मी सोडणारच होतो. फक्त एक आकडा लागायचा राहिला होता."

काकांना आम्ही जुगारी म्हटले. नातवाला काय म्हणायचे? आणि त्याच्या हातात तो डबा देणाऱ्याला काय म्हणायचे?

खेळ वाईट आहे काय?

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना नवीन काही रुचत नाही. ही शंका रास्त आहे. माझ्या वडिलांना सिनेमा म्हणजे पोरे बिघडवण्याचा कारखाना वाटे. मला माझ्या मुलांचा टीव्ही खुपत असे. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या करमणुकीला नावे ठेवते आणि जग काही बुडत नाही. म्हणून खेळालाच दोष देण्याची घाई मी करणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही तशी नाही. तेराव्या शतकातले महान धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खेळ आणि विनोद यांचा स्वतंत्र विचार केला आहे. शरीराला जशी झोप हवी, तसा मनाला विरंगुळा हवा, असे ते मानतात. तिथे त्यांनी एक जुनी गोष्ट दिली आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानने त्याला बाण सोडायला सांगितले. त्याने एकामागून एक बरेच बाण सोडले. "असे सतत करत राहशील काय?" या प्रश्नावर तो म्हणाला की, सतत ताणले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे योहानने त्याला दाखवून दिले. इतकेच नव्हे, तर कधीच न हसणाऱ्या, दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणाऱ्या माणसाचेही चुकते, असे अक्वायनस म्हणतात. आणि खेळाचा अतिरेक करणाऱ्याचेही चुकते.

या गोष्टीत मला एक साधी कसोटी सापडते. खेळून उठल्यावर धनुष्य सैल झाले की आणखी ताणले गेले? आम्ही लगोरी खेळून घरी येत होतो तेव्हा पाय दुखत, पण मन मोकळे असे. आमचा नातू तासभर फोन खेळून उठतो तेव्हा त्याचे डोळे ताणलेले, मान आखडलेली, आणि कोणी हाक मारली तर तो वसकन अंगावर येतो. मन सैल व्हायला हवे होते, ते अधिकच ताणले गेलेले असते.

मग फरक कशात आहे? माझ्या मते फरक मातीच्या मैदानात आणि काचेच्या पडद्यात नाही. फरक शेवटात आहे. आमच्या खेळाला शेवट होता. याच्या खेळाचा शेवट कोणीतरी काढून घेतला आहे.

शेवट कोणी काढून घेतला?

व्हिडिओ गेमचा इतिहास थोडक्यात पाहिला तर हे लक्षात येते. १९७२ साली अमेरिकेत 'पाँग' नावाचा खेळ आला. पडद्यावर दोन दांड्या आणि इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. एका दारूच्या गुत्त्यात त्याचे पहिले यंत्र ठेवले होते. ते काही दिवसांतच बंद पडले. तपासले तेव्हा कळले की नाण्यांची पेटी काठोकाठ भरली होती, असे सांगतात. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा हिशेब सरळ होता. खेळणारा लवकर हरला की तो दुसरे नाणे टाकेल. पण खिशातली नाणी संपली की खेळही संपत असे. रिकामा खिसा हीच त्याची घंटा.

नंतर घरच्या टीव्हीला जोडायचे खेळ आले. १९८५ साली आलेला जपानी 'सुपर मारिओ' आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी खेळलेला असेल. त्यात आठ जगे, प्रत्येक जगाचे चार टप्पे, एकूण बत्तीस. शेवटी राजकन्या सुटते आणि खेळ पूर्ण होतो. पैसे एकदाच द्यायचे होते, त्यामुळे मुलाला अडकवून ठेवण्यात बनवणाऱ्याचा वेगळा फायदा नव्हता.

मग मोबाइल आला आणि खेळ 'फुकट' झाला. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश' पाहा. त्याचे टप्पे हजारोंनी आहेत आणि नवीन टप्प्यांची भर पडतच राहते. राजकन्या कधीच सुटत नाही. त्यात पाच 'जीव' मिळतात. ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे. म्हणजे आधी घाई निर्माण करायची आणि मग घाईवरचा उतारा विकायचा. खेळ फुकट दिल्यावर कमाई कशातून होणार? खेळणारा थांबत नाही यातूनच. त्यामुळे 'पुरे' हा शब्द त्या धंद्याचा शत्रू ठरतो.

बंद डब्याचे कोडेही जुनेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा चोच मारली की दाणा, असे असेल तर दाणा मिळाल्यावर कबूतर थोडा वेळ थांबते. पण दाणा केव्हा येईल हे ठरलेले नसेल, तर कबूतर थांबतच नाही, एकसारखी चोच मारत राहते. मटक्याचा आकडा, जत्रेतला चक्राचा जुगार आणि फोनमधला डबा या तिघांचे मर्म एकच आहे. काकांना काही हे शास्त्र माहीत नव्हते. मटकेवाल्यालाही बहुधा नसावे. पण आज खेळ बनवणाऱ्यांना ते नीट माहीत आहे, आणि कोणता खेळाडू कुठल्या टप्प्यावर कंटाळतो हे त्यांना आकड्यांत मोजता येते.

ही केवळ एका आजोबाची तक्रार नाही. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली काही नामांकित खेळांमधले असे पैसे देऊन घ्यायचे डबे जुगार असल्याचे ठरवले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीवर कारवाई जाहीर केली. मुलांची खासगी माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करणे आणि बटणांची फसवी रचना करून नको असलेली खरेदी करायला लावणे, असे आरोप होते. ५२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आणि जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार जडतो, हेही संघटनेने सांगितले आहे, आणि ते आपण विसरू नये. पण त्याचे पहिले लक्षण काय सांगितले आहे? खेळ केव्हा सुरू करावा, किती खेळावे, केव्हा थांबावे यावरचा ताबा सुटणे.

मुलांपुरतेच आहे काय?

येथवर वाचून आपण मान हलवली असेल. मुलांविषयी काळजी वाटणे सोपे असते. मी नातवाला उपदेश केला त्याच आठवड्यात एका रात्री मला तहान लागली म्हणून उठलो, आणि पाणी पिऊन फोन हातात घेतला. किती वाजले ते पाहायला म्हणून. माशांचे कालवण करणारी एक बाई, मग जुन्या नाटकातला प्रवेश, मग कुठल्या तरी बर्फातून जाणारी आगगाडी. फोन ठेवला तेव्हा सव्वादोन झाले होते. मी एक रुपयाही घालवला नव्हता. पण त्या दीड तासात मला काय मिळाले, ते सकाळी आठवेना.

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. पुस्तकाला शेवट असतो. रेडिओवर बातम्या संपत. फोनच्या पडद्याला तळ नाही. बोट सरकवत राहिले की नवे येतच राहते. ही युक्ती २००६ साली आझा रास्किन या अमेरिकन तरुणाने काढली. पुढे त्यानेच जाहीरपणे तिच्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. विहिरीला तळ असतो म्हणून रहाट थांबतो. तळ नसलेल्या विहिरीवर बैलाने किती फिरावे?

खरेदीचेही तसेच. पूर्वी बाजारात जायचे तर पैसे मोजून न्यावे लागत, पिशवी भरली की हात दुखत, आणि शेवटची गाडी गाठायची असे. या सगळ्या अडचणी होत्या, पण त्या अडचणीच आपल्याला 'पुरे' म्हणत. आता मध्यरात्री अंथरुणातून खरेदी होते, पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, आणि पैसे नसले तर हप्ते आहेत. चालता फोन दोन वर्षांत जुना वाटू लागतो. तो बिघडतो म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याचा नवा दिसतो म्हणून. लग्नाच्या, पहिल्या कम्युनियनच्या समारंभातही आपण हेच पाहतो. मागच्या घरी पाच पदार्थ होते म्हणून आपल्याकडे सात.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी यातला फरक सांगून ठेवला आहे. घर चालवण्यासाठी जे लागते त्याला मर्यादा असते. पोट भरते, कपाट भरते. पण पैशासाठी पैसा मिळवण्याच्या व्यवहाराला मर्यादाच नसते. आज तो मर्यादा नसलेला व्यवहार दुकानातून निघून आपल्या उशाशी येऊन बसला आहे.

आता कोणी विचारेल, "जबरदस्ती कोण करतो? ज्याला नको त्याने फोन बंद करावा. प्रत्येकजण स्वतंत्र आहे." या म्हणण्यात तथ्य आहे. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे, हा तर आपल्या श्रद्धेचा भाग आहे. पण ज्याला 'हो' म्हणता येते आणि 'पुरे' म्हणता येत नाही, तो स्वतंत्र कसा? काकांना कोणी पकडून मटक्याच्या अड्ड्यावर नेत नव्हते. ते स्वतःच्या पायांनी जात. तरीही ते स्वतंत्र होते, असे काकूला कधी वाटले नाही.

दुसरा म्हणेल, "मग सरकारने बंदी घालावी." सरकारनेही काही केले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चीनने २०२१ साली मुलांसाठी नियम केला होता की ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, तोही रात्री आठ ते नऊ. कायदा हवाच. लबाडीला आवर घालणे हे राज्याचे कामच आहे. पण कायदा आपल्या ओटीवर येऊन बसत नाही. आणि दुसऱ्याने हात धरून थांबवले म्हणजे मनाला थांबणे आले, असेही नाही. हात सुटला की मन पुन्हा धावते.

थांबणे शिकावे लागते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदाला पोहोचलेला कार्लो अक्युतिस हा इटालियन मुलगा पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याला संगणक आवडत होता, व्हिडिओ गेमही आवडत होते. पण खेळाने आपला ताबा घेऊ नये म्हणून त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास आखून घेतला होता, असे त्याच्या आईने सांगितले आहे. तो खेळत होता, हे मला महत्त्वाचे वाटते. आणि तास संपल्यावर तो थांबत होता, हे त्याहून महत्त्वाचे.

'पुरे'मध्ये दुसऱ्याचा वाटा असतो

बंधुभगिनींनो, 'पुरे' म्हणणे हा केवळ स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न असता तर तो डॉक्टरांवर सोपवता आला असता. पण तसे नाही. जिथे मी थांबत नाही, तिथे दुसऱ्याच्या वाट्याला काहीतरी कमी पडते.

इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळाला, ती कथा आपल्याला माहीत आहे. प्रत्येकाने त्या दिवसापुरते गोळा करायचे होते. ज्यांनी लोभाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे झाले. जास्त गोळा करणाऱ्याला उरले नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला उणे पडले नाही. सर्वांना पुरावे यासाठी प्रत्येकाला 'पुरे' म्हणावे लागले.

हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. आज त्यासाठी सरकारी बंदी आहे, पण बंदी येण्याच्या आधीपासून आपले वाडवडील नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत. समुद्र खवळलेला असतो हे तर खरेच, पण माशांनाही अंडी घालायला, वाढायला अवधी लागतो. दोन महिने जाळे वर ठेवले म्हणून पुढचे दहा महिने जाळ्यात काही येते. कोणत्याही कोळ्याने याला कंजुषी म्हटले नाही.

आपल्या हातातल्या फोनच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगातला बराचसा कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या खाणींत लहान मुलेही काम करताना आढळली, असा अहवाल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली प्रसिद्ध केला. मी चालता फोन टाकून नवा घेतो, तेव्हा माझ्या नातवाच्या वयाचा एखादा मुलगा कुठेतरी दगड उपसत असू शकतो. तो मला दिसत नाही, एवढेच.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? नातवाने डबे उघडले तेव्हा त्याला आजीची अळूची पाने दिसली नव्हती. पडद्यावर फक्त हिरे होते. पासबुक पुढे ठेवून आजीने त्याला काही बोल लावला नाही. तिने फक्त एक हिशेब सांगितला. अळूच्या किती जुड्या विकल्या म्हणजे दोनशे नव्व्याण्णव रुपये होतात, आणि त्या जुड्या घेऊन गाडीत उभे राहून किती फेऱ्या करायच्या. माझ्या रागाने जे झाले नाही ते त्या हिशेबाने झाले. मुलगा रडला.

पुढे काय झाले, तेही सांगतो. आम्ही फोन फोडला नाही आणि त्याच्यावर कायमची बंदीही घातली नाही. त्यानेच एक अट घातली. "फोन ठेवायचा तर सगळ्यांनी ठेवायचा. आजोबा, तुम्ही पण." सातची घंटा झाली की घरातले सगळे फोन ओटीवरच्या टोपलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर. पहिले आठ दिवस फार जड गेले. नातवापेक्षा मला जड गेले. मग एका पाहुण्याच्या निमित्ताने नियम मोडला, नंतर क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्ताने. पुन्हा सुरू केला. आजही तो महिन्यातून चार-पाच वेळा मोडतोच. आम्ही जिंकलो, असे मी म्हणणार नाही. मोटारीचे पैसेही अजून पूर्ण जमलेले नाहीत. सुट्टीच्या दिवशी नातू आजीबरोबर जुड्या बांधायला बसतो. मोबदला म्हणून नाही, कबूल केले म्हणून.

पण एक गोष्ट झाली आहे. परवा संध्याकाळी टोपलीत फोन टाकून तो पायरीवर नुसता बसला होता. मी विचारले, "काय करतोस रे?" म्हणाला, "काही नाही, कंटाळा आलाय." मला बरे वाटले. आम्हीही असेच कंटाळत होतो, आणि त्या कंटाळ्यातूनच उद्याच्या डावाचे बेत निघत. थोड्या वेळाने त्याने मला विचारले की आट्यापाट्या म्हणजे नेमके काय. मी अंगणात काठीने रेघा ओढून दाखवल्या.

या आठवड्यात आपणही घरी एवढे करून पाहू या. एकत्र जेवायला बसल्यावर प्रत्येकाने, मोठ्यांनी आधी, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. गेल्या सात दिवसांत अशी कोणती गोष्ट होती, जिच्यापाशी मला थांबायचे होते आणि मी थांबू शकलो नाही? कोणी कोणाला उपदेश करू नये. फक्त ऐकावे. मुले आपल्याआधी खरे बोलतील, असा माझा अनुभव आहे.

सातची घंटा आजही वाजते. पूर्वी ती आमचा डाव थांबवायची, कारण तिच्यावर आमचा हात चालत नव्हता. आता थांबायचे की नाही हे आपल्या बोटावर आहे. म्हणून ती ऐकणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त गरजेचेही.